सात नंबरच्या पेटीची साक्ष

१

भट्टीची भिंत गळली त्याला पाच दिवस झाले होते आणि गुन्हेगार सापडला त्याला चार. उरली होती फक्त एक सही, आणि ती करायला काटा आली होती.

काटा म्हणजे मुख्य कचेरीची तपासनीस. खरं नाव तिच्या ओळखपत्रावर होतं, पण ते वाचायच्या भानगडीत कुणी पडत नसे. बावीस वर्षं ती कारखान्याकारखान्यांतून मापयंत्रांचे काटे तपासत हिंडली होती, त्यावरून हे नाव पडलं ते पडलंच. ती फाटकातून आत शिरली की लोक एकमेकांना कोपरानं ढोसत म्हणत, "आला रे अंगावर काटा!" तिला ते ऐकू येई. मनातून आवडेही.

कारखाना काचेच्या बाटल्यांचा. साहेब, म्हणजे कारखान्याचे व्यवस्थापक, तिला थेट भट्टीकडेच घेऊन गेले. तिनं कागदावर असल्या भट्ट्या पुष्कळ पाहिल्या होत्या. कागद वेगळा हो! इथं तीनशे टन काच पाकासारखी पातळ होऊन पडली होती, आणि अकरा वर्षांत ती आग एकदाही विझली नव्हती. निळ्या काचेच्या झरोक्यातून तिनं आत डोकावलं. डावीकडून उजवीकडे ज्वाळांची चादर पसरली होती, अख्ख्या दिवाणखान्याएवढी.

"आता बघा," साहेब घड्याळ बघत म्हणाले.

डावीकडची आग एकदम गेली. एवढा मोठा हॉल, सगळा धडधडणारा, क्षणभर दम धरून राहिला. पंख्यांचा सूर उतरला, कुठेतरी झडपा सरकल्या. चाळीस सेकंद गेले असतील नसतील, आणि उजव्या बाजूनं भस्सकन ज्वाळा आत शिरल्या.

"दर वीस मिनिटांनी कूस बदलते," साहेब म्हणाले. "अकरा वर्षं."

"कुणाच्या हुकमानं?"

"कुणाच्याच नाही. चाळीस पेट्या आहेत कारखानाभर. एक गॅस सांभाळते, एक हवा, एक पाणी. प्रत्येकीचं डोकं प्रत्येकीपाशी. काय चाललंय ते शेजारणीला सांगते, बस. वर कोणी मुकादम नाही."

हे सगळं तिला पाठ होतं. तरीपण काटाच्याच अंगावर काटा आला. तिनं बाही खाली ओढून घेतली.

भट्टीच्या कुशीला, कंबरेएवढ्या उंचीवर, विटांच्या सांध्यातून काचेची एक हिरवट जीभ बाहेर येऊन तिथंच थिजली होती. खाली पोलादी जाळी काळी पडली होती.

"इथं उभा होता. पाय भाजला घोट्यापर्यंत. वाचला म्हणायचा." साहेबांनी आवाज उतरवला. "भट्टीवरचा कामगार. आणि ज्यानं हे केलं, तो त्याचा सख्खा सासरा."

"चुकून?"

"मुद्दाम," साहेब म्हणाले.

२

साहेबांच्या फाइलमध्ये सगळं चोख होतं. काटाला चोख फायलींचा जरा रागच यायचा.

भट्टीतली काच नेहमी एकाच पातळीवर राहायला हवी. त्यासाठी एक लूप असतो. सेन्सर पातळी बघतो, सात नंबरची पेटी हिशेब करते, फीडर तेवढाच कच्चा माल आत ढकलतो, पातळी बदलते, सेन्सर परत बघतो. गोल गोल, दिवसरात्र. हा लूप आपला आपण फिरत असला की तो 'ऑटोवर' आहे म्हणतात. माणसानं तोडून स्वतःकडे घेतला की 'हातावर'. हातावर घेतला की फीडर आहे त्याच वेगानं माल ढकलत राहतो. आत जागा असो वा नसो.

त्या सकाळी सात वाजून दोन मिनिटांनी कुणीतरी लूप हातावर घेतला. साडेसातला बाटल्यांच्या तीन ओळींपैकी एक साचे बदलायला थांबली. भट्टीतून काच कमी जाऊ लागली, माल मात्र तेवढाच आत येत राहिला. नऊ पन्नासपर्यंत काच अडीच बोटं चढली, वरच्या सांध्यात घुसली आणि भिंतीबाहेर आली.

ते 'कुणीतरी' म्हणजे वस्ताद. कंट्रोल रूममध्ये सव्वीस वर्षं पडद्यांसमोर बसणारा माणूस. नोंद त्याच्याच नावाची होती.

"आदल्या रविवारी जावयानं सांगितलं, दुसऱ्या गावी नोकरी मिळतेय, बायकोला घेऊन जातो," साहेब म्हणाले. "वस्ताद वीस माणसांदेखत ओरडला, 'जाऊन तर बघ, पाय मोडून ठेवीन!' आणि चौथ्या दिवशी हे. लेकीनं बापाशी बोलणं टाकलंय. संध्याकाळी पाचला अहवाल पोलिसांकडे जायचाय, तुमची सही झाली की."

"लूप हातावर घेताना यंत्र कारण विचारतं ना?"

"विचारतं की! हे बघा काय कारण दिलंय पठ्ठ्यानं." साहेबांनी मुख्य कचेरीतून आलेल्या छापील नोंदीवर बोट आपटलं.

कारणाच्या रकान्यात होतं: ??????? ??? ??? ??????? ?????? ??? ????

"प्रश्नचिन्हं बडवलीत नुसती. उद्धटपणा! काय करायचं ते करा म्हणतोय."

काटानं चष्मा पुसला आणि प्रश्नचिन्हं मोजली. तेहतीस होती. सात घोळक्यांत, मधे नीट जागा सोडून. उद्धट माणूस एवढ्या टापटिपीनं जागा सोडतो होय?

३

वस्ताद फाटकाजवळच्या बाकावर बसला होता. कामावर यायला बंदी होती, तरी गडी पाचही दिवस गणवेश चढवून, डबा घेऊन, वेळेवर येऊन तिथंच बसत होता. पाळी सुटली की डबा तसाच घेऊन घरी.

"जावयाचा पाय मोडीन म्हणालात?"

"म्हणालो. तोंड आहे ना, सुटतं." त्यानं डबा एका मांडीवरून दुसरीवर घेतला. "बाई, लेक दूर जाणार म्हटल्यावर बापाच्या तोंडाला काय दार असतं का? पण त्या पोराला मी पोटच्या पोरासारखा धरलाय. भट्टीवर कसं उभं राहायचं ते मी शिकवलंय त्याला."

"लूप का बंद केला?"

"फळ्यावर लिहिलं होतं म्हणून. कंट्रोल रूमच्या पांढऱ्या फळ्यावर. इंजिनिअरबाईंची रात्रपाळी सहाला संपते, माझी सातला सुरू होते. आमची गाठ पडत नाही. जे काय असेल ते फळ्यावर. लिहिलं होतं बंद करा, मी बंद केला. आणि तसं कारणही टाइप केलं! आता म्हणतात प्रश्नचिन्हं. माझ्या हातानं मी अक्षर न् अक्षर लिहिलंय, बाई."

"पातळी चढताना दिसली नाही?"

"दिसली. मला वाटलं, सेन्सर साफ करतायत. साफसफाईत आकडा भटकतोच. अलार्मही झोपवून ठेवला होता दहापर्यंत, म्हणजे काम चालूच असणार." तो थांबला. "लेक म्हणाली, आमचं दार तुम्हाला बंद. पोलिसांचं मला काही नाही हो. तिनं एकदा म्हणावं, बाबा, तुम्ही नाही केलंत."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यानं ते लपवलं नाही.

काटा उठून कंट्रोल रूमकडे गेली. फळा शोधायला वेळ लागला नाही. भिंतभर होता, आणि त्यावर निळ्या पेननं भट्टीची आकृती काढलेली होती.

"आधीचं काय लिहिलं होतं यावर?"

साहेब चपापले. "ते... अपघात झाला तेव्हा सगळ्यांना समजावायला मी आकृती काढली. पुसलं मीच."

४

नवी इंजिनिअर आठ महिन्यांची. म्हणजे नोकरीत. वयानं पंचविशीची, गावातल्या शाळेतून, मग पदविकेतून पहिली आलेली. कामाला वाघ. काटासमोर ताठ बसली होती, पण हातातल्या रुमालाची पार दोरी झाली होती.

"मॅडम, सेन्सरवर धूळ बसली होती. सहा ते सात साफ करायचं ठरलं. मी जाण्याआधी लूप हातावर घेतला आणि अलार्म चार तास झोपवला. थंड झालेला सेन्सर परत जागेवर बसला की तास-दोन तास उगाच बोंबलतो, म्हणून. आणि फळ्यावर लिहून ठेवलं, सातला लूप परत ऑटोवर टाका."

"वस्ताद म्हणतात, तुम्ही बंद करायला लिहिलं."

"खोटं बोलतायत!" ती एकदम उसळली. "मी कशाला बंद करायला सांगेन? भट्टी आहे ती! माझं लिखाण स्पष्ट होतं, लहान मूलही वाचेल. त्यांनी बरोबर उलटं केलं आणि आता माझ्यावर ढकलतायत."

काटा तिचा चेहरा बघत होती. खोटं बोलणारी माणसं तिनं खूप पाहिली होती. ती आधी घाम पुसतात, मग रागावतात. ही आधी रागावली होती.

इतक्यात शेजारच्या पॅनेलवर लाल दिवा लागला आणि काटानं दचकून तिकडे पाहिलं.

"काही नाही मॅडम, पंखा सुरू झाला. आतले संपर्क बंद झाले की दिवा लागतो," इंजिनिअर म्हणाली.

काटाचं पेन क्षणभर अडलं. काहीतरी खटकलं होतं. काय, ते कळेना. मागच्या भिंतीवर साहेबांच्या सहीची सूचना चिकटवली होती, ती तिनं उगाच वाचली. 'एक तारखेपासून फळ्यावरच्या आणि संगणकावरच्या सर्व नोंदी आपल्या भाषेत लिहाव्यात. इंग्रजी शब्दांचा धुडगूस चालणार नाही.'

"एक तारखेपासून," ती पुटपुटली. अपघात तीन तारखेचा.

मग तिनं नोंदींची छापील गुंडाळी पुन्हा उलगडली आणि सहा वाजून एक्केचाळीस मिनिटांच्या ओळीवर येऊन थबकली. लूप हातावरून ऑटोवर. सात नंबरच्या पेटीवरून. टाकणाऱ्याचं नाव नाही.

म्हणजे सातच्या आधीच तो लूप कुणीतरी पुन्हा सुरू केला होता!

५

"मीच केला," सेन्सर साफ करणारा मेकॅनिक म्हणाला.

त्याला सगळे पाना म्हणत, कारण खिशात पाना नसेल तर त्याला चालताच येत नाही असा लौकिक होता. आत्ता मात्र तो पाना हातात घेऊन नुसता फिरवत बसला होता.

"सेन्सर साफ झाला, चाळीस मिनिटांतच. बसवला. म्हटलं, लूप उगाच हातावर कशाला? खाली पेटीवरून टाकला ऑटोवर. मला अधिकार नाही, माहिताय. म्हणून बोललो नाही. पण मॅडम, मी चालू केला! बंद नाही."

"वस्तादांना कळवलंत?"

"ते यायचेच होते. वर पडद्यावर दिसेलच की."

आता चित्र असं होतं, बघा. वस्ताद सातला येतो. रात्रपाळीचा माणूस "सगळं फळ्यावर आहे" म्हणत पिशवी उचलून चालता होतो. पडद्यावर लूप ऑटोवर, मस्त फिरतोय. इंजिनिअर म्हणते, फळ्यावर होतं सुरू करा. तसं असतं तर वस्तादला करायला काहीच उरलं नव्हतं, सुरूच होता. पण त्यानं हात घातला. एकतर तो खोटं बोलतोय, नाहीतर ती.

"पाना, तू कारण काय टाइप केलं होतंस?"

"सेन्सर साफ केला, असं. आपल्या भाषेत, नियमाप्रमाणे."

काटानं छापील ओळ त्याच्यासमोर धरली. तिथंही प्रश्नचिन्हं.

"च्यायला!" पाना म्हणाला आणि जीभ चावली.

तिनं भराभर पानं उलटली. एक तारखेच्या आधी कारणाच्या रकान्यात इंग्रजी अक्षरं. एक तारखेपासून पुढे प्रत्येकाच्या नावापुढे नुसती प्रश्नचिन्हं! म्हणजे वस्ताद उद्धट नव्हता. मुख्य कचेरीच्या संगणकाला आपली अक्षरंच येत नव्हती. जे कळलं नाही तिथं त्यानं बापडं एकेक प्रश्नचिन्ह ठेवून दिलं होतं.

"मूळ नोंद कुठे असते?"

"जिथली तिथंच. सात नंबरच्या पेटीच्या पोटात. कचेरीत जाते ती नक्कल."

दोघं खाली गेले. सात नंबरची पेटी भट्टीच्या पायथ्याशी होती, राखाडी, कपाटाएवढी, बाहेरून अगदी गरीब. पानानं हातातला छोटा पडदा तिला जोडला. वस्तादच्या ओळीच्या आधी अपघाताच्या वेळेचीच पानं उघडली, आणि काटा ती वाचत खालीच बसली.

नऊ पन्नास, बारा सेकंद: भिंतीच्या एका तापमापीला गरम लागतं. सात नंबरची पेटी शेजारच्या दोघींना विचारते, तुम्हालाही लागतंय का? आठ म्हणते लागतंय. सहा म्हणते अजून नाही. दोन विरुद्ध एक. सात गॅसवालीला सांगते, आच कमी कर. ती म्हणते, ऐकलं, कमी करते, केली. फीडर थांबव. ऐकलं, थांबवला. भिंतीवरचे थंड हवेचे पंखे पूर्ण सोड. ऐकलं, सोडले. तेवढ्यात सहासुद्धा सांगते, आता मलाही लागतंय. सांध्यातून येणारी काच त्या गार वाऱ्यानं जागीच गोठते आणि स्वतःच्याच भोकात बूच होऊन बसते. नऊ पन्नास, एकोणीस सेकंद. सात सेकंदांत दोनशे बारा ओळी. त्यांत हुकूम देणारा कोणी नाही, आणि सांगितलेलं ऐकलं असं परत न कळवणारी एकही पेटी नाही.

बावीस वर्षं काटे तपासणारी ती बाई देवळात बसावं तशी त्या जाळीवर बसली होती. एवढं मोठं काहीतरी आपल्या पायाखाली रोज चालतं, आणि आपण जाताना त्यावर छत्री टेकवून ठेवतो!

एकोणिसाव्या सेकंदानंतर आणखी एक ओळ होती. एकविसावा सेकंद. वस्तादच्या जागेवरून, हातानं: माणसं हटवण्याचा भोंगा.

"बाहेर पडलेली काच जाळीवर अजून पसरतच होती. या भोंग्यानंच जावई मागे उडी मारून सरकला, मॅडम," पाना हळूच म्हणाला. "म्हणून पायावर निभावलं."

मग तिनं सात वाजून दोन मिनिटांची ओळ उघडली. काना-मात्रा सुटे धरून तेहतीस अक्षरं, सात शब्द.

'फळ्यावर बंद करा लिहिलंय म्हणून बंद केला'

वस्ताद खरं बोलत होता. म्हणजे ती पोरगी खोटं बोलत होती? पण ती आधी रागावली होती! काटानं डोळे मिटले, आणि तिला पॅनेलवरचा तो लाल दिवा आठवला.

"पाना," ती ताडकन उठली. "सगळ्यांना कंट्रोल रूममध्ये बोलाव. फळा पुसून ठेव म्हणावं."

६

साडेचार वाजले होते. साहेब, इंजिनिअर, पाना आणि फाटकावरून आणलेला वस्ताद, सगळे फळ्यासमोर उभे होते. वस्तादनं डबा कुठे ठेवावा न कळून तो छातीशी धरला होता. अर्ध्या तासात अहवाल पोलिसांकडे जायचा होता.

"पाच दिवस आपण सगळे एकच चूक करतोय," काटा म्हणाली. "मीसुद्धा केली. प्रत्येकाला विचारलं, फळ्यावर काय सांगितलं होतं? प्रत्येकानं अर्थ सांगितला. शब्द कुणीच सांगितले नाहीत, कारण कुणी विचारलेच नाहीत." तिनं इंजिनिअरच्या हातात पेन दिलं. "पोरी, अर्थ नको. तीन तारखेला जी अक्षरं लिहिलीस, ती जशीच्या तशी लिही."

इंजिनिअरनं मान ताठ करून लिहिलं. अक्षर खरंच मोत्यासारखं होतं.

'पातळीचा सेन्सर साफ करणे. सात वाजता लूप बंद करा.'

तिनं वळून विजयानं वस्तादकडे पाहिलं. "बघा! लिहिलं होतं की नाही स्पष्ट?"

"बघा!" त्याच क्षणी वस्तादही ओरडला. "लिहिलंय की नाही स्पष्ट?"

दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

"तू याचा अर्थ ऑटोवर टाका असा केलास," काटा इंजिनिअरला म्हणाली.

"मग दुसरा काय होणार? लूप बंद म्हणजे पूर्ण. माळेच्या दोऱ्याला गाठ मारतो तसं. गोल पुरा झाला की फिरायला लागतो. तोडला तर उघडा, बंद केला तर सुरू. शाळेपासून शिकलोय आम्ही, परिपथ बंद झाला की दिवा लागतो..." आणि मग तिचं तिलाच ऐकू आलं. तिनं तोंडावर हात ठेवला.

"सकाळी तू मला हेच म्हणालीस, संपर्क बंद झाले की दिवा लागतो. मला खटकलं, पण का ते कळलं नाही. आमच्या घरी बंद केला की दिवा जातो."

"आमच्याकडेही," वस्ताद म्हणाला.

"आठ महिने ही फळ्यावर 'ऑटो' लिहायची, तोवर सगळं सुरळीत होतं. एक तारखेला सूचना लागली, इंग्रजी शब्द नको. सेन्सर, लूप यांना शब्द सापडेना, ते तसेच राहिले; 'ऑटो'साठी मात्र हिनं बिचारीनं पुस्तकातला शब्द शोधला. पुस्तकातलं बंद वेगळं आणि बटणाचं बंद वेगळं. वस्तादांनी वाचलं तेव्हा पानाच्या आगाऊपणामुळे लूप आधीच सुरू होता. त्यांना वाटलं, साफसफाई अजून व्हायचीय, म्हणून तो बंद करायचा. अलार्म झोपवलेला होता, तोही याच समजुतीत चपखल बसला. आकडा चढला तो साफसफाईमुळे, असं वाटलं. कुणीही खोटं बोललं नाही. कुणाला कुणाचं काही वाईटही करायचं नव्हतं."

साहेब भिंतीवरच्या स्वतःच्या सूचनेकडे बघत होते. कान लाल झाले होते त्यांचे. "म्हणजे दोष माझाच," ते शेवटी म्हणाले. आणि हे म्हणायला, काटाच्या मते, त्यांना बरंच बळ लागलं असावं.

"सूचना चांगली आहे, साहेब. पण खाली त्या मुक्या पेट्या बघा. एकीनं सांगितलं की दुसरी म्हणते, ऐकलं, हे करते, आणि हे केलं. चाळीसजणी, सात सेकंद, आणि एकीचाही गैरसमज नाही. आपण माणसं! मधे तासभर रिकामा ठेवतो, फळ्यावर खरडतो आणि घरी जातो. फळा काही परत विचारत नाही."

इंजिनिअर रडत होती, आवाज न करता. "काका, माझ्यामुळे तुमच्यावर... तुमच्या जावयांचा पाय..."

"रडू नको." वस्तादनं डबा टेबलावर ठेवला. "मीपण शहाणाच! सव्वीस वर्षं बसतो इथं. चालती गोष्ट बंद करा म्हणतात, तर एक फोन करून विचारू नये, का गं पोरी म्हणून?"

काटानं साहेबांची चोख फाइल उचलली, मधोमध फाडली आणि कोऱ्या कागदावर लिहायला बसली. पाच वाजता तिनं सही केली. वस्तादच्या नावापुढे तिनं एकच वाक्य लिहिलं होतं: 'याच्या भोंग्यानं माणूस वाचला.'

७

कामगारांची वसाहत कारखान्याच्या मागेच होती. काटा वस्तादबरोबर चालत निघाली. गरज नव्हती, पण निघाली. अजून ऊन होतं. दोन गल्ल्या ओलांडल्यावर त्याची चाल मंदावली आणि एका निळ्या दारासमोर पाय थांबलेच.

"तुम्हीच सांगा तिला," तो म्हणाला. "माझं ऐकायची नाही. बंद म्हणाली ती."

दार मिटलेलं होतं. आतून भांड्यांचा आवाज येत होता. काटानं कडी वाजवली नाही. तिनं खिशातून एक घडी घातलेला कागद काढला आणि त्याच्या हातात दिला. सात नंबरच्या पेटीतून उतरवून घेतलेल्या दोन ओळी होत्या त्यावर. एक सात वाजून दोन मिनिटांची आणि एक नऊ पन्नास, एकवीस सेकंदांची.

"ही साक्ष. वाचून तुम्हीच दाखवा. मी इथं उभी आहे."

वस्तादनं दारावर टिचकी मारली. दार त्या हलक्या धक्क्यानंच सरकलं आणि उघडलं.

आत लेक उभी होती, ओल्या हातानं. बापाला बघून ती हललीच नाही. त्यानं कागद पुढे केला. तिनं हात पदराला पुसले, कागद घेतला, वाचला. मग पुन्हा वाचला, बोट ओळीखालून फिरवत. एकवीस सेकंदांपाशी तिचं बोट थांबलं.

"मला सांगितलंय यांनी," ती म्हणाली. "भोंगा ऐकला आणि उडी मारली म्हणाले. तुम्ही वाजवलात हे नव्हतं माहीत." आणि मग तिला रडू फुटलं. "पाच दिवस का नाही आलात, बाबा?"

"तूच म्हणालीस, दार बंद."

"रागानं म्हटलं हो! दार कुठे बंद होतं? नुसतं लोटलेलं होतं. कडी लावलीच नव्हती एक दिवस. तुम्ही ढकलून बघितलंच नाही."

आतल्या खाटेवरून, बँडेज केलेला पाय उशीवर ठेवलेल्या जावयाचा आवाज आला. "मामा, आत या आधी. उभ्यानं काय भांडताय? आणि आल्यावर दार बंद करा." तो थोडा थांबला. पाना त्याच्या फोनवर आधीच सगळी बातमी ओतून गेला असणार. "कुठलं बंद ते विचारा हं मात्र."

"कुठलं रे?" वस्तादनं विचारलं.

"घरातलं."

"ऐकलं," वस्ताद म्हणाला. "करतो." त्यानं आत पाऊल टाकलं आणि दार लावून घेतलं. "केलं रे बाबा!" आतून आवाज आला.

काटा गल्लीतच उभी राहिली. पलीकडे कारखान्याची धडधड एकदम उतरली आणि चाळीस सेकंदांनी पुन्हा चढली. गल्लीत कुणी मान वर केली नाही, त्यांना सवय होती. तिनं मात्र दोन्ही बाह्या खाली ओढून घेतल्या आणि स्टेशनच्या दिशेनं चालायला लागली.